तथागतांचीही पाठ दुखत होती



आजचा विषय वाचून काहींना नवल वाटेल. विषय आहे कंबरदुखीचा. धम्माच्या पाक्षिकात कंबरदुखीचे काय काम, असे कुणी विचारील. त्यावर माझे उत्तर असे की, ज्या घरात दुखणे आहे त्या घरात धम्माला काम आहे. आपण त्रिसरण-पंचशील घेतले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातला देव्हारा काढला, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. पण घरातले माणूस अंथरुणाला खिळले की काढलेला देव्हारा मागच्या दाराने हळूच परत येतो. नव्या बौद्ध घराची परीक्षा जयंतीच्या मिरवणुकीत होत नसते. ती दुखण्याच्या रात्री होते.

ज्या दुखण्याविषयी मी बोलणार आहे ते माझ्याच अंगात आहे. म्हणून दोन शब्द अनुभवाचे सांगतो, आणि मग तथागतांनी काय सांगितले त्याकडे वळतो.

माणसाच्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके असतात. त्यांच्या खाली ५ मणके एकजीव होऊन झालेले त्रिकास्थी नावाचे हाड असते आणि अगदी शेवटी माकडहाड. कमरेचा पाचवा मणका खालच्या हाडापासून सुटा असावा, अशी सर्वसाधारण रचना आहे. काही माणसांत मात्र तो जन्मापासूनच पुरता सुटा झालेला नसतो. त्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंचा हाडाचा फाटा वाजवीपेक्षा रुंद होतो आणि त्रिकास्थीला टेकतो, किंवा त्याला जुळूनच जातो. असा मणका पुष्कळांना असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण काहींच्या बाबतीत जिथे हाडाला हाड टेकते तिथे दुखणे सुरू होते, वरच्या मणक्यावर आणि चकतीवर जादा ताण येतो आणि कंबर धरते ती धरतेच. इटलीतील मारिओ बेर्तोलोत्ती या डॉक्टरांनी १९१७ साली या रचनेचा आणि कंबरदुखीचा संबंध दाखवला. म्हणून डॉक्टर लोक या दुखण्याला त्यांच्याच नावाने ओळखतात.

माझा मणका असा आहे. सकाळी उठताना आधी कुशीवर वळावे लागते, मग हाताच्या आधाराने बसावे लागते. पाण्याची भरलेली कळशी उचलता येत नाही. एस.टी.तून तासभर प्रवास केला की उतरताना पाय आपला वाटत नाही. आणि या दुखण्याचा सर्वांत वाईट गुण असा की, ते कुणाला दिसत नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसते, ताप आला तर अंग तापते. कंबर दुखते ती ज्याची त्याला. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो. मग लोक म्हणतात, आळशी झाला. घरची सून असली तर म्हणतात, सोंग करते. वाचकहो, तुमच्या घरात असे कुणाला म्हटले गेले आहे काय? आठवून पाहा.

ग्रहण, पायाळू आणि पूर्वजन्म

माझे दुखणे सुरू झाले तेव्हा मी तरुण होतो. आमच्या घराने धम्मदीक्षा घेतलेली होती. तरीही पहिला उपाय झाला तो पायाळू माणसाचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत तुम्हाला माहीत आहेच. चुलतीने असा माणूस शोधून आणला. मी पालथा पडलो, त्याने पाय लावला. दुखणे होते तसेच राहिले. मग कुणी बिब्बा घालायला सांगितले. त्याचा डाग अजून पाठीवर आहे. मग कुणी म्हणाले, करणी आहे.

परंतु या सर्वांहून जास्त घाव घालणारी गोष्ट वेगळीच होती. पुढे क्ष-किरण फोटोत कळले की हाडाची ही ठेवण जन्मापासूनची आहे. ते ऐकताच शेजारची एक वृद्ध बाई माझ्या आईला म्हणाली, "पोटुशी असताना गिराण पाळलं नसशील. विळीवर काहीतरी चिरलं असशील." आई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून मी कण्हलो की ती उठून दुसऱ्या खोलीत जाऊ लागली. वर्षानुवर्षे ती स्वतःला अपराधी समजत होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. अखेर एका डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितले की, बाळाच्या कण्याची घडण गर्भ राहिल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच होते. पुष्कळदा तोवर आईला दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते. सूर्य-चंद्राच्या सावलीचा हाडाशी काही संबंध नाही. तिच्या हातून काही चुकले नाही. आई त्या वेळी रडली. तिच्या डोक्यावर कित्येक वर्षे ठेवलेला दगड एका वाक्याने खाली उतरला. माझ्या मणक्याने मला जेवढे दुःख दिले, त्याहून अधिक दुःख एका खोट्या समजुतीने माझ्या आईला दिले होते.

आता तिसरी गोष्ट. ती आपल्याच माणसांची आहे, म्हणून सांगताना संकोच वाटतो. विहारात मला मांडी घालून बसता येत नव्हते, म्हणून मी भिंतीला टेकून उभा होतो. एक उपासक सहानुभूतीनेच म्हणाले, "काय करणार, मागच्या जन्माचं भोगावंच लागतं." ते सज्जन होते, रोज वंदना घेणारे होते. त्यांनी देव सोडले होते, पण देवाचा हिशेब सोडला नव्हता. बंधू-भगिनींनो, हा हिशेब आपल्या बापजाद्यांना कुणी शिकवला? गावकुसाबाहेर का राहता, तर मागच्या जन्मीचे पाप. मेलेले ढोर का ओढता, तर मागच्या जन्मीचे पाप. ज्या तर्काने आपल्याला पिढ्यान् पिढ्या वाकवले, त्याच तर्काने आपण आता आजारी माणसाला वाकवायचे काय?

शाक्यांच्या सभागृहात

मज्झिम निकायात एक प्रसंग आहे. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे सभागृह बांधले. त्याचा पहिला वापर भगवंतांनी करावा अशी त्यांची इच्छा होती. भगवंत आले, पाय धुऊन आत गेले, मधल्या खांबाला पाठ लावून पूर्वेकडे तोंड करून बसले. रात्री बराच वेळ त्यांनी शाक्यांना धम्म सांगितला. मग ते आनंदाला म्हणाले की, आता पुढचे तू सांग, माझी पाठ दुखते आहे, मी ती जरा टेकतो. चीवराची चौघडी करून ते उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून पहुडले. आनंदाने उपदेश केला. तो संपल्यावर भगवंत उठून बसले आणि आनंदाला साधुवाद दिला. पावा नगरीत मल्लांच्या नव्या सभागृहातही असेच घडल्याचे दीघ निकायात आहे. तिथे त्यांनी काम सारिपुत्तांवर सोपवले.

या छोट्या प्रसंगाकडे नीट पाहा. जगातला सर्वश्रेष्ठ शास्ता भर सभेत सांगतो की, माझी पाठ दुखते. त्यांनी ते लपवले नाही. मी दुखण्याच्या पलीकडे गेलो आहे असा आव आणला नाही. चमत्कार करून पाठ बरी केली नाही. ते आडवे झाले. आपण विहारात खुर्चीवर बसायला लाजतो, भिंतीला टेकायला लाजतो, आणि इथे तथागत स्वतः नव्या सभागृहात, नगरातल्या प्रतिष्ठितांसमोर आडवे झाले. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि पहुडणे या चारही अवस्थांत सजग राहायला सांगितले आहे. तेव्हा ज्याला बसता येत नाही त्याने झोपून आनापान करावे. जे मांडी घालून बसतात त्यांच्याहून तो कमी उपासक होत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ते आडवे झाले पण काम थांबले नाही. काम त्यांनी योग्य माणसाच्या हाती दिले आणि स्वतः लक्ष देऊन ऐकत राहिले. दुखणाऱ्या माणसाला हे जमणे कठीण असते. मी केले नाही तर जगच बुडेल, असे त्याला वाटते. किंवा मी आता कशाच्याही उपयोगाचा नाही, असे वाटते. तथागतांनी या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग प्रत्यक्ष करून दाखवला.

मोलिय सीवकाचा प्रश्न

आता कुणी अभ्यासू वाचक म्हणतील, अपदान ग्रंथात तर भगवंतांच्या पाठदुखीचे कारण पूर्वजन्मी कुस्तीत एका मल्लाला इजा केली असे दिले आहे. होय, तशी कथा आहे. पण त्याच पाठदुखीविषयी अट्ठकथा सांगते की, सहा वर्षे केलेल्या कठोर तपश्चर्येत शरीराचे फार हाल झाले, म्हणून उतारवयात पाठीचे दुखणे उद्भवले. एक कारण दिसणारे आहे, दुसरे न दिसणारे. यांतले कोणते घ्यावे?

याचा निवाडा स्वतः भगवंतांच्या एका उत्तरावरून करता येतो. संयुत्त निकायात मोलिय सीवक नावाचा परिव्राजक विचारतो की, माणूस जे काही सुख-दुःख भोगतो ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? भगवंत सांगतात की, काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही तिन्ही एकत्र बिघडल्यामुळे. काही ऋतू बदलल्यामुळे, काही शरीराची नीट निगा न राखल्यामुळे, काही मार लागल्यामुळे, आणि काही कर्मविपाकामुळे. हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. तेव्हा सगळे पूर्वकर्मामुळेच असे म्हणणारे लोक स्वतःला कळलेल्याच्याही आणि जगाने सत्य मानलेल्याच्याही पुढे धावतात; त्यांचे म्हणणे चुकीचे आहे. त्या काळच्या वैद्यकाच्या भाषेत भगवंतांनी हे सांगितले. आजच्या वैद्यकाची भाषा निराळी आहे, पण दृष्टी तीच: कारण शोधा, आणि ते शरीरात, ऋतूत, राहणीत, आघातात शोधा.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच कर्म आणि पुनर्जन्माचा प्रश्न उभा केला. पूर्वजन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते, हा सिद्धांत बुद्धाचा नव्हे, असे त्यांनी पुढे दाखवून दिले. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकून टाकावी एवढाच त्या सिद्धांताचा उपयोग, हे त्यांनी ओळखले होते. घराच्या बाबतीतही तेच खरे आहे. "तिचे नशीब" असे एकदा म्हटले की तिला दवाखान्यात न्यायची जबाबदारी संपते.

दोन बाण

मग दुखणे जात नसेल तर करायचे काय? यासाठी भगवंतांनी बाणाचा दृष्टान्त दिला आहे. माणसाला एक बाण लागला आणि लगेच दुसरा लागला, तर त्याला दोन बाणांचे दुःख होते. अशिक्षित मनाच्या माणसाचे असेच असते. शरीराला वेदना होते, हा पहिला बाण. मग तो शोक करतो, छाती बडवतो, हे माझ्याच वाट्याला का म्हणून तडफडतो, हा दुसरा बाण. ज्याने धम्म ऐकला आणि आचरला त्याला पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही.

इथे भगवंत आणखी एक मर्माची गोष्ट सांगतात. दुःखातून सुटायला विषयसुखावाचून दुसरी वाटच अशिक्षित माणसाला माहीत नसते. आपल्या वस्तीत याचा अर्थ समजावून सांगायला नको. दिवसभर ओझे वाहून कंबर मोडली की संध्याकाळी पावले दारूच्या दुकानाकडे वळतात. "अंग दुखतं म्हणून घेतो," असे म्हणतात. दोन तास दुखणे बधिर होते. सकाळी दुखणे तिथेच असते, पण घरातले पैसे नसतात आणि पाचवे शील मोडलेले असते. हा तिसरा बाण आहे, आणि तो बायकामुलांना लागतो.

दुसरा बाण चुकवायचा कसा? माझ्या अनुभवाचे सांगतो. पालीत वेदना म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि सुखदही नाही व दुःखदही नाही, अशा तिन्ही संवेदना म्हणजे वेदना. रात्री कंबर ठणकू लागली की मी कुशीवर पडून श्वासाकडे लक्ष देतो. मग दुखण्याकडे पाहतो. ते कुठे आहे? डाव्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत. उरलेल्या शरीरात काय आहे? हाताला गोधडीची ऊब आहे. पाय शांत आहेत. मग कळते की सगळा मी दुखत नाही, माझ्यातला एक भाग दुखतो आहे. ठणका वाढतो, ओसरतो, पुन्हा वाढतो. अनित्य हा शब्द मी पुष्कळ वेळा तोंडाने म्हटला होता. त्याचा अर्थ मला कमरेने शिकवला. याने हाड बदलले नाही. रोज रात्री हे जमते असेही नाही. पण जमते त्या रात्री झोप लागते.

वृद्ध उपासक नकुलपित्याला भगवंतांनी हेच सांगितले होते की, शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देणार नाही, असा अभ्यास कर.

घरच्यांसाठी

नकुलपित्याचे नाव निघाले, तर त्याची पत्नी नकुलमाता हिचेही नाव घेतले पाहिजे. तो एकदा फार आजारी पडला तेव्हा ती त्याला म्हणाली की, मनात काळजी ठेवून राहू नका. मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते. मी मुलांना पोसीन, घर चालवीन. तिच्या शब्दांनी त्याचा जीव शांत झाला, तो बरा झाला आणि काठी टेकत भगवंतांच्या भेटीला गेला. भगवंत म्हणाले की, अशी हितचिंतक पत्नी तुला लाभली हे तुझे मोठे भाग्य. आजाऱ्याला सर्वांत मोठी भीती असते ती आपण घरावर ओझे झालो याची. ते भय काढणे ही घरच्यांनी करायची पहिली सेवा आहे. आणि हे दोन्हीकडून लागू आहे. बायको आजारी असेल तर नवऱ्याने म्हणावे, "पाणी मी भरीन, भाकरी मी थापीन." पुरुषाने कळशी उचलल्याने त्याची पत जात नाही.

विनयपिटकात अतिसाराने आजारी भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता, त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. भगवंतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायाकडून धरून त्याला मंचकावर निजवले. मग भिक्खूंना सांगितले की, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. तिथेच त्यांनी आजाऱ्याचे कर्तव्यही सांगितले आहे: पथ्य सांभाळावे, औषध घ्यावे, दुखणे असेल तसे खरे सांगावे, सोसण्याचा अभ्यास करावा. दुखणे वाढवून सांगू नये, तसेच लपवूही नये. आपल्या बाया लपवतात. ज्या दिवशी घरात "सोंग" हा शब्द बंद होईल, त्या दिवशी त्या खरे सांगू लागतील.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. कंबर आठवड्यानुआठवडे दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा. पाठीवर उभे राहणाऱ्याला, कंबर ओढून मोडणाऱ्याला, पुडीत बांधून निनावी गोळ्या देणाऱ्याला दाखवू नका. फोटोत मणका वेगळा दिसला म्हणजे दुखणे त्याचेच असे नाही; ते तपासून ठरवावे लागते. पुष्कळांना व्यायाम आणि औषध पुरते, काहींना इंजेक्शन लागते, शस्त्रक्रिया थोड्यांनाच. महिनोन् महिने पडून राहू नका; सोसेल तेवढे चाला, शिकवलेला व्यायाम रोज करा. आणि पायातली शक्ती जाऊ लागली, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या इस्पितळात जा.

शेवटी बाबासाहेबांकडे पाहा. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने अखेरच्या वर्षांत त्यांना आधाराशिवाय चालणे अवघड झाले होते. त्यांनी नवस केला नाही, अंगारा लावला नाही. औषधोपचार घेतले, पथ्य सांभाळले, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालले, आणि तशाच देहाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला उभे राहून लाखोंना दीक्षा दिली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्याच दुखऱ्या देहाने लिहिला. तो १९५७ साली, त्यांच्या परिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यांना दुसऱ्याच्या खांद्याची लाज वाटली नाही. आपल्यालाही वाटू नये.

माझी आई आता थकली आहे. आता तिचीही कंबर दुखते. परवा ती मला म्हणाली, "तुझ्या बुद्धाची पण पाठ दुखायची म्हणतोस, तर मग विहारात मला पण एक खुर्ची ठेव." मी विहारात दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. तुमच्या विहारात खुर्ची आहे काय? नसेल तर येत्या पौर्णिमेपर्यंत ठेवा. भिंतीला टेकून कुणी उभे असेल तर त्याला त्याचे पूर्वकर्म सांगू नका. खुर्ची पुढे सरकवा.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!